सतरा नंबरचा अक्रोड

लस्सा मागरेच्या हातात कुठलाही अक्रोड द्यायचा आणि त्याने तो कुणाच्या झाडाचा ते सांगायचं, हा आमच्या गुंडपथरमधला हिवाळी खेळ होता. बाहेर कमरेएवढं बर्फ, लोकरी फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी, समोर खारट नून चहा, आणि मार्चपर्यंत करायला काही नाही. मग कुणीतरी मुद्दाम दुसऱ्या खोऱ्यातला अक्रोड आणून मिसळायचा. लस्सा तो बोटांत फिरवायचा, कानाशी हलवायचा, दुसऱ्या अक्रोडावर दाबून मुठीत फोडायचा, गराचा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हा आपल्याकडचा नाही. ज्याने आणलाय त्याच्या सासुरवाडीचा आहे. आणि सासूने निवडून वाईटच दिलाय." सगळे हसायचे, तोही हसायचा. त्यापलीकडे त्याच्या विद्येची गावाला किंमत नव्हती. पिकतं तिथं विकत नाही.

किंमत असायला हवी होती. आमच्याकडे अक्रोड कुणी कलम करून लावत नसे. बी पडलं, उगवलं, वाढलं. सगळा रायवळ कारभार. बी आईसारखं निपजत नाही, त्यामुळे जितकी झाडं तितक्या जाती. एक झाड पाडलं की एक जात संपली, आणि ती कोणती होती हेही सांगता यायचं नाही, कारण नावं ठेवायला वेळ कुणाला होता? लस्साला होता. चार गावांतल्या झाडांना त्याने नावं दिली होती. एकाचं नाव 'चोर', दिसायला हे एवढं मोठं फळ आणि आत पोकळ. एक 'काझीची बायको', वरून टणक, आतून लोण्यासारखी. एका झाडाला तो 'तहसीलदार' म्हणायचा, कारण दगडाने ठेचलं तरी त्यातून काही निघत नसे.

आणि एका झाडाला तो 'मोजी' म्हणायचा, म्हणजे आई. ते त्याच्या आईने लावलं होतं.

लस्साच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून चौथ्याचं नाव लस्सा ठेवलं. आमच्याकडे अशा पोराचं नाव हेच ठेवतात, जग बाबा एकदाचा, एवढाच त्याचा अर्थ. तो जगला. त्या शरदात आईने घरामागे एक अक्रोड पुरला. शेजारणी धावत आल्या, कारण अक्रोड लावणाऱ्याचं काय होतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं: खोड लावणाऱ्याच्या मानेएवढं झालं की लावणारा जातो. म्हणून अक्रोड म्हाताऱ्यांनी लावायचा. ही बाई पंचविशीची. ती म्हणाली म्हणे, "तीन लेकरं मातीत घातली, एक उगवलं नाही. आता अक्रोड घालून बघते." दर वसंतात ती आपली ओढणी खोडाभोवती गुंडाळायची, मग तेवढीच स्वतःच्या मानेभोवती, आणि लस्साला दाखवून हसायची. लस्सा अकरा वर्षांचा असताना ती तापाने गेली. ओढणी दोन्हीकडे सारखी बसत होती की नाही, हे त्याने मला कधी सांगितलं नाही.

बापाने दुसरं लग्न केलं, वहाब झाला, पुढे वाटण्या झाल्या. घरामागची जमीन झाडासकट वहाबकडे गेली, लस्साला ओढ्याकडची मिळाली. भांडण नाही झालं. सप्टेंबरात लांब काठी घेऊन मोजीवर चढायचं ते लस्सानेच, हे दोघांनी न बोलता धरून ठेवलं होतं.

त्या झाडाचा एकच दोष लोक सांगायचे, की ते आळशी आहे. बाकीच्या अक्रोडांना एप्रिलच्या सुरुवातीला पालवी फुटायची. मोजी मे अर्धा सरेपर्यंत काळी, उघडी, सरपणासारखी उभी. आणि मग ज्या वर्षी एप्रिलात पाला जाळणारी थंडी पडायची, त्या वर्षी चारही गावांत अक्रोड कुणाकडे, तर वहाबच्या घरामागे. कवच असं पातळ की दोन बोटांत फुटावं, गर पांढरा. तरी लोक आळशीच म्हणायचे. मेहनत करून हात भाजून घेणारा माणूस आमच्याकडे जास्त लोकप्रिय असतो.

आता माझं सांगतो. मी तसदुक. गावाबाहेर अक्रोडाचं सरकारी केंद्र आहे, तिथे मी रोजंदारीवर होतो. केंद्रात जगभरातले अक्रोड होते. कॅलिफोर्नियाचे, फ्रान्सचे, इराणचे, हंगेरीचे. प्रत्येकाच्या पायाशी पत्र्याची पाटी, भोवती तारेचं कुंपण, कुंपणाला राखणदार. आमच्या खोऱ्यातलं मात्र त्या कुंपणात एकही झाड नव्हतं. हे पहिल्यांदा डॉक्टर वांगनूंच्या लक्षात आलं. डॉक्टर भला माणूस, परदेशात शिकून आलेला, झाडांशी बोलताना आवाज खाली आणणारा. ते म्हणाले, "तसदुक, बाहेरून पाहुणे आणतोय आणि घरची माणसं मरतायत. खोऱ्यातली उत्तम झाडं शोधायची, नोंदवायची, हिवाळ्यात त्यांच्या काड्या आणून कलमं करायची. पण दाखवणार कोण?"

मी लस्साचं नाव सांगितलं. ही माझी पहिली चूक नव्हे, ते सांगायलाच हवं होतं. माझी चूक पुढे आहे.

त्या सप्टेंबरात आम्ही तिघे महिनाभर फिरलो. लस्साकाक तेव्हा बासष्टीचा. डॉक्टर फळं तोलायचे, कवच मोजायचे, गराचा रंग वहीत उतरवायचे, आणि तासभराने जे निघायचं ते लस्साकाकने झाडाकडे जातानाच सांगितलेलं असायचं. 'तहसीलदार'पाशी डॉक्टर म्हणाले, "हे नको." लस्साकाक म्हणाला, "दाखवलं अशासाठी, की पुढे कुणी तुम्हाला फसवून दाखवेल." डॉक्टर पोट धरून हसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेला माणूस त्याचं बोलणं लिहून घेत होता. तो सकाळी माझ्याआधी तयार असायचा, धुतलेला फेरन घालून.

सोळा झाडं झाली आणि मग तो आम्हाला मोजीपाशी घेऊन गेला. ती उशिरा फुटते हे ऐकल्यावर डॉक्टरांची पेन्सिल थांबली.

"मे महिन्यात? नक्की?"

"साहेब, एक्कावन्न वर्षं मी तिच्या उठण्याची वाट बघतोय. मला विचारा."

"मागरेसाहेब," डॉक्टर म्हणाले, त्याला साहेब म्हणणारा पहिला माणूस तोच, "जग ज्याच्यासाठी धडपडतंय ते झाड तुमच्या घरामागे आहे. हे गेलं तर पुन्हा मिळणार नाही."

"म्हणून तर तुम्हाला आणलं," लस्साकाक म्हणाला. "माझ्यानंतर हिला कोण ओळखणार? हिला त्या तारेच्या आत घ्या, बस."

मग मी नंबर घातला. केंद्रात येण्यापूर्वी मी लाकडाच्या खुणेवर कामाला होतो, हाताला तीच सवय. कुऱ्हाडीने तळव्याएवढी साल काढली आणि उघड्या लाकडावर लाल रंगाने सतरा लिहिलं.

आमच्या मुलखात अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, स्वतःच्या अंगणातलंसुद्धा. अर्ज करायचा, वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि परवानगी आली की सरकारी माणूस येऊन साल तासतो आणि लाल नंबर घालतो. हे इथल्या शेळ्यांनाही माहीत आहे. मला माहीत होतं, मी ते काम केलं होतं. लस्साकाकला माहीत होतं. तरी आमच्या डोक्यात आलं नाही. मला हाताच्या सवयीने आंधळं केलं आणि त्याला आनंदाने. त्याची आई सरकारी वहीत लागली होती. तो त्या ओल्या आकड्याकडे असा बघत होता की मी त्याला विचारलं, "काक, वाचता येतं?"

"नाही. पण चांगला दिसतो."

वहाबने तेव्हाच चहा आणला. नून चहा, गिरद्याच्या रोट्या, आणि उकडलेली अंडी. अंडी बघूनच मला शंका यायला हवी होती, वहाब मागरे ईदलाही अंडी मोजून काढणारा. त्याने तीन वर्षांपूर्वी ते झाड तोडायचा अर्ज केला होता. झाडाच्या सावलीने त्याच्या नव्या घराची भिंत कायम ओली राहायची. हे त्याने भावाला सांगितलं नव्हतं, आम्हालाही सांगितलं नाही. सरकारी माणूस काही देऊन चालला असेल तर त्याला विचारायचं नसतं, विचारलं की तो परत घेतो, ही आमच्याकडची जुनी शहाणीव. वहाबने फक्त पुन्हा पुन्हा कप भरले. मी तीन अंडी खाल्ली.

एकेचाळिसावं झाड शेवटचं होतं. डॉक्टरांना शेंड्याची फळं हवी होती. रात्रभर दव पडलेलं, खोड निसरडं. मी म्हटलं, "काक, उद्या चढ." तो म्हणाला, "उद्या तुझे साहेब शहरात जातील." अक्रोडाची फांदी मोडताना आधी कुरकुरत नाही, आवाज येतो तेव्हा माणूस खाली असतो. कंबरेखालचं हाड तुटलं. शहरातल्या इस्पितळात हाडांचा विभाग सप्टेंबरात भरलेलाच असतो. सगळे आमच्यासारखे, हिरव्या सालीने काळे झालेले हात पांढऱ्या चादरीवर ठेवून पडलेले. नर्स हात बघूनच विचारते, "किती उंचावरून?" महिन्याभराने त्याला घरी आणलं, तेव्हा हाताचा काळा रंग निघून गेला होता. पायाचं मात्र काही जमलं नाही.

जानेवारीत मी काड्या आणायला गेलो. कात्री, ओलं गोणपाट, यादी, सगळं घेऊन. वहाबच्या घरामागे वळलो तर समोर आभाळ दिसलं. तिथे आभाळ दिसायचं कारण नव्हतं.

बुंधा मुळापर्यंत खणून काढला होता, कारण अक्रोडाचं गडद, महागाचं लाकूड मुळातच असतं. बर्फात काळा खड्डा, आणि कुंपणाशी फांद्यांचा ढीग. वहाब हात जोडतच बाहेर आला.

"या, या, तसदुकसाहेब. अल्ला तुमचं भलं करो. तीन वर्षं ते कचेरीवाले फिरवत होते, आणि तुम्ही घरी येऊन नंबर घातलात. चहा टाकतो."

"वहाबा, तू हे काय केलंस?"

"का?" त्याचा चेहरा उतरला. "नंबर होता की. करवतवाल्यांनी बघितला, नाक्यावरच्या शिपायाने बघितला. चोरी नाही केली मी."

खरंच नव्हती केली. त्या हिवाळ्यात यादीतली तेरा झाडं अशीच, कायदेशीर, सर्वांच्या देखत गेली. खोऱ्यातली सगळ्यात चांगली झाडं कोणती, हे करवतवाल्यांना शोधावंसुद्धा लागलं नाही. आम्ही महिनाभर फिरून, निवडून, त्यांच्यासाठी लाल रंगाने लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी रंग बदलून पांढरा केला. वरातीमागून घोडं.

लस्साकाकचं घर दोन शेतं पलीकडे. तिथवर जाताना काय सांगायचं ते मी तीनदा ठरवलं आणि तीनदा बदललं. दारात मुख्तकाकी, त्याची बायको, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "त्याला माहीत नाही. दोन दिवस करवत चालली तेव्हा मी सांगितलं, पॉप्लर पाडतायत."

आतून आवाज आला, "पॉप्लर मऊ असतो ग बाई. त्याची करवत अशी ओरडत नाही."

तो भिंतीला टेकून बसला होता. मुख्तकाकीने ओठांवरचं बोट खाली घेतलं. महिनाभर ती लपवत होती आणि तो तिला लपवू देत होता.

"ये, नंबरवाल्या," तो मला म्हणाला. "काल कोण आलं होतं माहितेय? खालच्या आळीतला सोना तांत्रे. माझा हात हातात घेऊन म्हणतो, लस्साकाक, तुझी वर ओळख आहे, माझ्याही झाडावर तेवढा नंबर घालून दे. आज सकाळी आणखी दोघं आले. कोंबडी घेऊन आले! जन्मात मला कुणी कोंबडी दिली नव्हती, तसदुका. आता मी झाडं तोडून देणारा पीर झालोय."

"काक, माझी चूक झाली. मी—"

"तू गाढव आहेस. पण गाढवाला वाट मी दाखवली." मग त्याचा आवाज फुटला. "मी तुम्हाला तिच्यापाशी नेलं. हाताला धरून नेलं. कसाईसुद्धा बकऱ्याला दुसऱ्याकरवी आणवतो रे." तो रडला. मोठ्याने, लाज न बाळगता. मुख्तकाकी त्याची पाठ चोळत राहिली आणि मी दाराशी उभा राहून माझ्या गोणपाटाकडे बघत होतो.

त्याचं लक्षही त्या गोणपाटाकडे गेलं. डोळे पुसून तो एकदम म्हणाला, "फांद्या कुठेत?"

"कुंपणाशी ढीग आहे. बर्फाखाली."

"किती दिवस झाले? चाळीस. बर्फ पडलं ते आठवड्याने. मग खालच्या थरातल्या काड्या जिवंत असतील. बर्फ काडी मरू देत नाही. वरच्या घेऊ नकोस, वाळल्या असतील. अंगठ्याएवढ्या जाडीच्या घे, सालीला नख लाव, हिरवं दिसलं तर घे. जा. उठ, जा!"

वहाबने, त्याच वहाबने, माझ्याबरोबर संध्याकाळपर्यंत बर्फ उपसलं. वीस काड्या हिरव्या निघाल्या.

लस्साकाकने एकच मागणी केली. कलमं तो बांधणार. चार गावांत सफरचंदाची कलमं त्याच्याइतकी कुणाची धरत नसत, आणि अक्रोडाचं कलम दहातलं एक धरतं, तिथे असाच हात हवा. ज्यावर काडी बांधायची ती खुंटाची रोपं घरी आणून द्या, मी बसल्या जागी बांधतो, म्हणाला. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नोंदणीतला माल केंद्राबाहेर नेता येत नाही, नियम आहे, आणि कलमं धरायला आपल्याकडे उबेची खोली आहे. मग त्याला इथे आणू या, मी म्हटलं. गाडीचा कागद वर गेला. तो खाली येईपर्यंत काड्या टिकणार नव्हत्या. शेवटी वीसही मीच बांधल्या. माझा हात बरा आहे, त्याहून जास्त नाही. मग मोठं बर्फ आलं, अकरा दिवस वीज नव्हती, आणि उबेची खोली बाहेरच्याइतकीच थंड झाली.

एप्रिलमध्ये वीसपैकी दोन रोपांना फूट दिसली.

मी धावत गुंडपथरला गेलो. लस्साकाकने मला जवळ ओढून माझं कपाळ चुंबलं. दोनदा. मुख्तकाकीने अख्ख्या आळीत चहा वाटला. डॉक्टर इतके हरखले की त्यांनी त्या जातीला नावच देऊन टाकलं, 'लस्सा-१७'. वहीत लिहिलं: मातृवृक्ष नष्ट, जात संवर्धित. पुढे माझं नाव, कलम बांधणारा म्हणून. त्याच नोंदीवर पुढल्या वर्षी माझी नोकरी कायम झाली.

फूट नेमकी कुठून निघाली आहे, हे मी मेणाची पट्टी सोडून बघितलं नाही. बघायला हवं होतं. नवा नोकरही ते बघतो. मला बघायचं नव्हतं.

पुढचं वर्षभर तो केंद्रात यायचं म्हणत होता आणि पाय त्याला येऊ देत नव्हता. मग वहाबने त्याला कुबड्या करून दिल्या. चांगल्या, हलक्या, काखेखाली मऊ कातडं लावलेल्या, मोजीच्याच लाकडाच्या. वहाबने प्रेमाने केल्या, त्यात काही खोट नव्हती. लस्साकाकने लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ." आणि त्या काखेत घेतल्या. दुसऱ्या कुठल्या नव्हत्याच.

असा तो एप्रिलच्या सहा तारखेला केंद्रात आला. धुतलेला फेरन घालून. रोपं आता उघड्यावर, रांगेत लावली होती. मी पुढे, तो मागून खट खट करत. फ्रान्सच्या रांगेपाशी तो थांबला. ती झाडं अजून उघडी होती, कळीसुद्धा सुजलेली नव्हती.

"ही गोरी अजून झोपलीय?"

"हो, ही उशिरा उठते. तुझ्या मोजीसारखीच."

"हुशार आहे," तो म्हणाला. मग पुढे बघून त्याने विचारलं, "आणि ती कोण, पदर पसरून बसलेली?"

कुंपणाजवळ दोन रोपं हिरवीगार झाली होती. विताएवढी पालवी, तांबूस, लुसलुशीत. त्यांच्या पायाशी नवी कोरी पाटी. त्याला वाचता येत नव्हतं, पण एक आणि सात हे दोन आकडे तो ओळखायला शिकला होता.

तो पाटीपर्यंत गेला. कुबड्या बाजूला टाकून खाली बसला, त्या पायाने बसायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. बोटांनी माती बाजूला केली. बांधणीची जागा उघडी केली, पट्टी नखाने सोडली. वर माझी काडी होती, काळी, वाळलेली, बोटभर. कलम केव्हाच मेलं होतं. तिच्या खालून, खुंटातून, कुठल्या तरी रस्त्यावरच्या बीचा कोंब निघून दिमाखात सरळ वाढला होता. दुसरं रोपही तसंच होतं.

"ही माझी आई नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो.

"तुला माहीत होतं?"

"नाही, काक."

त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाला, "ती पाटी काढ. माझं नाव आहे ना तिच्यावर? काढ. नसेल तर नाही म्हणून लिही. मेली म्हणून लिही. मेलेल्याला मेलेलं म्हणायला काय जातं रे?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारतो. डॉक्टरांना मी खरंच सांगितलं, त्याच दिवशी. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, अहवाल दिल्लीला गेलाय, नाव नोंदलं गेलंय, यंदा उष्मा लवकर आला म्हणूनही पालवी लवकर आली असेल, दोन-तीन वर्षं निरीक्षण करू. महिन्याभराने त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी वही उघडली, वहीत 'संवर्धित' लिहिलं होतं. मी पुन्हा सांगितलं नाही. मला नुकताच पहिला कायम पगार सुरू झाला होता, आणि त्या नोंदीपुढे माझं नाव होतं. मी एवढा साधा हिशेब केला.

पाच वर्षांनी त्या रोपांच्या काड्यांवरून शेकडो रोपं झाली. ती कलमं मात्र छान धरली, तोवर माझा हातही सुधारला होता. 'लस्सा-१७, उशिरा फुटणारा, थंडीपासून सुरक्षित' असं छापून ती चारही गावांत वाटली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांच्या आधी फुटतात, आणि थंडी आली की सर्वांच्या आधी जळतात. लोक चिडले. चहाच्या दुकानात म्हणू लागले, लस्साचं झाड म्हणजे लस्साच, आधी चढतो आणि मग पडतो. लस्सा तिथेच कोपऱ्यात कुबड्या घेऊन बसलेला असायचा. त्याच्यासमोर म्हणायचे, थट्टेने. तो पूर्वीसारखा हसत नसे. एकदा कुणी तरी जुन्या खेळासाठी त्याच्या हातात अक्रोड ठेवला. त्याने तो न फोडता परत दिला. म्हणाला, "मला काही कळत नाही त्यातलं. सरकारला विचारा."

वहाबकडे मोजीच्या शेवटच्या हंगामातले मूठभर अक्रोड राहिले होते, ते मी पाटीच्या त्या दिवसानंतर लगेच मागून आणले होते आणि लस्साकाकला म्हटलं होतं, काक, बी लावू या. तो म्हणाला, "लाव. तिची लेकरं येतील. ती नाही येणार." मग जरा वेळाने, "आणि लेकरांचं काय, ती तीन आधीही होती." मी लावले. तीन उगवले. तिन्ही एप्रिलातच फुटतात.

गेल्या फेब्रुवारीत लस्सा मागरे गेला. केंद्रातून नव्या साहेबांनी कबरीजवळ लावायला दोन रोपं पाठवली, सन्मान म्हणून, पाटीसकट. न्यायला मलाच सांगितलं, कारण त्या जातीचा जाणकार मीच. वहाब रडत होता, त्याने खड्डे खणले. मुख्तकाकीने पाटीकडे बघून विचारलं, "ही तिचीच ना रे? मोजीची?"

मी हो म्हटलं.

आज एप्रिलची पाच तारीख. सकाळी कबरस्तानावरून आलो. दोन्ही रोपांना पालवी फुटली आहे.